खोकल्याला गोळीऐवजी मुदत लिहून देणारा दवाखाना

या दवाखान्याची शिफारस मी एका कारणासाठी करते. इथे खोकला घेऊन आलेल्या माणसाला तो खोकला किती दिवस राहणार ते सांगतात आणि लिहूनही देतात. साधी गोष्ट आहे, पण बहुतेक ठिकाणी नेमकी तीच राहून जाते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर बोलणं हेच माझं काम. सर्दी उतरली आणि कफ छातीत गेला. रात्री आडवं झालं की उबळ, सकाळी आवाज बसलेला. अशा वेळी स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. "तीन दिवसांचा कोर्स घेऊन टाक, मोकळी होशील." "कफ हिरवा झालाय ना, मग अँटिबायोटिकशिवाय जाणारच नाही." एका मैत्रिणीने तर पर्समधल्या उरलेल्या कॅप्सूल काढून पुढे केल्या. सगळ्या जिव्हाळ्याने सांगत होत्या, पण माझ्या छातीला कुणी स्टेथोस्कोप लावला नव्हता. म्हणून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "तुम्हाला स्वतःला कशाची काळजी वाटतेय?" मी म्हटलं, न्यूमोनिया होईल का, आणि वर्गावर कधी उभी राहू शकेन. नीट पाहिलं तर माझ्या दोन्ही प्रश्नांत गोळी कुठेच नव्हती. खोकल्याच्या रुग्णाला अँटिबायोटिकच हवं असतं असं डॉक्टर धरून चालतात, आणि न मागताच चिठ्ठीवर लिहिलं म्हणजे आपल्याला त्याची गरज होती असं रुग्ण धरून चालतो. दोघांनी एकमेकांना विचारलं तर निम्म्या चिठ्ठ्या वेगळ्या निघतील असं मला मनापासून वाटतं.

मग तपासणी, आणि तीही बोलत बोलत. ताप, नाडी, बोटाला ऑक्सिमीटर. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजला. पाठीवर दोन्ही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत ऐकलं. "इथे हवा चांगली जातेय. इथे कफाचा आवाज आहे, पण खोकलल्यावर तो हलतोय." आपल्या शरीरात काय सापडतंय आणि काय सापडत नाहीये हे त्याच क्षणी कळत गेल्यामुळे "अँटिबायोटिकची गरज नाही" हे वाक्य शेवटी आलं तेव्हा ते अंगावर आलं नाही.

हिरव्या कफाचं मी मुद्दाम विचारलं. त्यांनी सांगितलं की संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट एन्झाइम असतं, कफाला रंग त्याचा येतो. लढाई विषाणूशी असली तरी रंग तोच. म्हणजे शरीर कामाला लागलंय एवढंच त्यावरून कळतं, शत्रू विषाणू की जिवाणू ते कळत नाही, आणि अँटिबायोटिक चालतं ते फक्त जिवाणूंवर. एरवी निरोगी असलेल्या माणसाला केवळ रंग पाहून अँटिबायोटिक देत नाहीत.

आणि मग ती मुदत. कागदावर लिहिलं होतं: घसादुखी साधारण एक आठवडा, सर्दी दीड ते दोन आठवडे, खोकला तीन आठवड्यांपर्यंत. मला हे फार वाटलं. तेव्हा त्यांनी 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचं सांगितलं. अशा खोकल्यावर आधी झालेली संशोधनं एकत्र करून पाहिली तर खोकला सरासरी 18 दिवसांच्या आसपास टिकतो असं दिसलं. लोकांना विचारलं, तर त्यांचा अंदाज मात्र आठवड्याच्या आसपासचा, सात ते नऊ दिवसांचा होता. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ त्या मधल्या दिवसांत आहे. आठवडा उलटला की माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं, हे आपोआप जायचं नाही. तो जाऊन अँटिबायोटिक घेतो. खोकला तोवर उताराला लागलेलाच असतो, तो कमी होतो आणि श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वेळी तो पहिल्याच दिवशी तीच गोळी मागतो, शेजाऱ्यालाही सांगतो. प्रत्यक्षात अशा खोकल्यात अँटिबायोटिकने सरासरी जेमतेम अर्धा दिवस वाचतो. त्या अर्ध्या दिवसासाठी जुलाब, पुरळ, तोंडात किंवा खाली बुरशीचा त्रास हे सगळं पत्करायचं का, हे आधी कळलं तर माणूस नीट ठरवू शकतो.

जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. अशा जिवाणूंच्या संसर्गाने 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली, हा आकडाही माझ्या वाचनात होता. पण इतका मोठा आकडा आपल्या खोकल्याला लागू आहे असं वाटत नाही. डॉक्टरबाईंनी तो घरात आणून ठेवला. म्हणाल्या, आज कोर्स घेतलात तर दाद न देणारे जिवाणू तुमच्याच शरीरात काही महिने, कधी वर्षभरही राहू शकतात. त्या काळात खरोखर जिवाणूंचा संसर्ग झाला तर औषध निवडणं अवघड होईल, तुमच्यासाठी. माझ्यावर याचा परिणाम झाला.

तरीही त्यांनी मला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. वेदनाशामक कसं घ्यायचं ते सांगितलं, झोपताना उशी उंच घ्यायला आणि आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलं, घशाला मध चाटायला सांगितला. (एका वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, हे त्या प्रत्येकाला सांगतात.) शिवाय अँटिबायोटिकची एक चिठ्ठी दिली, वर तारीख घालून: या तारखेच्या आधी घ्यायचं नाही, आणि तोपर्यंत उतार पडत असेल तर अजिबात घ्यायचं नाही. या पद्धतीची ब्रिटनमध्ये बरीच तपासणी झालेली आहे. घसादुखीवरचा तिथले संशोधक पॉल लिटल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 1997 सालचा. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं की लगेच चिठ्ठी मिळालेल्यांपैकी सुमारे 93 टक्के लोक अँटिबायोटिक घेतात, थांबून घ्यायची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी सुमारे 31 टक्केच घेतात, आणि समाधान दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं. मला तरी त्या चिठ्ठीने धीर आला. खोकला तिथे लिहिल्याप्रमाणेच हळूहळू गेला आणि चिठ्ठी वापरावी लागली नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की इथे अँटिबायोटिक देतच नाहीत. तसं मुळीच नाही. त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांनाही खोकला झाला. वय पंचाहत्तरच्या पुढे, ताप फारसा नाही, पण जेवण सुटलेलं आणि बाथरूमपर्यंत जाताना धाप. बाबांचा श्वास मोजला तर तो बराच वाढलेला निघाला, आणि पाठीवर खाली एका बाजूला बारीक चरचर ऐकू आली. ही न्यूमोनियाची लक्षणं, म्हणून इथे डॉक्टरबाईंनी वेळ घालवला नाही. एक्स-रे लिहिला, आणि त्याची वाट न बघता त्याच दिवशी अमॉक्सिसिलिन सुरू केलं. आधी पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, असेल तर नेमकं काय झालं होतं, बाकी कोणती औषधं चालू आहेत, हे सगळं विचारून घेतलं.

बाबांचा आग्रह "जरा स्ट्राँग काहीतरी द्या" असा होता. त्यांनी नाव घेतलं अझिथ्रोमायसिनचं, कारण ते दिवसातून एकदाच घ्यावं लागतं आणि तीन दिवसांत संपतं. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, स्ट्राँग-कमजोर असं नसतं. या जंतूला लागू पडणारं औषध हवं." जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत. अमॉक्सिसिलिन पहिल्या वापराच्या गटात येतं, अझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या गटात. शिवाय अझिथ्रोमायसिनने काहींच्या हृदयाचा ठेका बिघडू शकतो, आणि बाबांना हृदयाची औषधं चालू आहेत. कॅप्सूल मोजून पंधरा दिल्या: दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. घरात उरायला एकही नाही. मधेच बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही, आणि पाच दिवसांनी बरं असेल तर आणखी चार दिवस म्हणून लांबवायचंही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला बोलावलं. मुदत इथेही सांगितली: ताप आठवड्यात जाईल, खोकला आणि धाप सहा आठवड्यांपर्यंत कमी होत जाईल, थकवा तीन महिन्यांनंतरही थोडा राहू शकतो. पुढे थकवा रेंगाळला तेव्हा आम्ही कुणीही दुसऱ्या कोर्ससाठी धावलो नाही, ते या वाक्यामुळे.

आता जे खटकलं ते. डॉक्टरबाई रोज नसतात. एरवी बसणाऱ्या डॉक्टरांचं निदान बरोबर असेलही, पण "व्हायरल आहे, काही नाही" म्हणून ते पुढच्या रुग्णाकडे वळतात. रात्र रात्र न झोपलेल्या माणसाला "काही नाही" हे पटत नाही. तो तिथून थेट औषधाच्या दुकानात जाईल.

दुसरं, बाहेर कागदपत्रं देणाऱ्या मदतनिसाने माझी चिठ्ठी पाहून "आजच सुरू करून टाका ना, उगाच वाढेल" असं सांगितलं. आत अर्धा तास खर्चून समजावलेलं बाहेर एका वाक्यात पुसलं जाऊ शकतं. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने एकच सांगायला हवं.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. कागदावर चिठ्ठी कधी वापरायची ते आणि ताबडतोब कधी परत यायचं ते एकाखाली एक, एकाच अक्षरात छापलंय. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. हळूहळू वाढत जाणाऱ्या किंवा ठरल्या मुदतीत न उतरणाऱ्या त्रासासाठी ती चिठ्ठी. पण श्वास घेताना धाप लागली, छातीत टोचायला लागलं, कफातून रक्त आलं, ओठ निळसर दिसले, म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर घरी गोळी सुरू करून वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना किंवा रुग्णालय गाठायचं. घाबरलेला माणूस कागद वाचताना गोंधळणारच. मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं आणि ही दुसरी यादी मोठ्या अक्षरात कागदाच्या मागच्या बाजूला छापा असं सुचवलं. त्यांनी लिहून घेतलंय.

थांबावं बरंच लागतं, कारण प्रत्येकाला वेळ देतात. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, आणि आपल्या मनाने काही घेतलं असेल तर तेही सांगा. त्या रागावत नाहीत.