टू ग्रे हिल्स की गनाडो रेड?

नावाहो (अमेरिकेतले एक मूळनिवासी लोक) विणतात ते लोकरीचे रग बघायला लागलं की ही दोन नावं सारखी समोर येतात, दोन्हीत मधे हिऱ्याचा आकार म्हणून लोक गोंधळतात, पण रंग बघितला की विषय संपला. गनाडो म्हणजे अ‍ॅरिझोना. तिथे जॉन लोरेन्झो हबेल नावाच्या व्यापाऱ्याने १८७८ मध्ये ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे देवाणघेवाणीचं दुकान, घेतलं, मग गिऱ्हाइकाला काय आवडतं ते हेरून डिझाइनची चित्रं रंगवून घेतली नि भिंतीवर लावली, आणि विणणाऱ्या बायका ती बघून त्यात स्वतःचं काहीतरी घालायच्या. लालभडक केमिकल रंग, करडी जमीन, काळी किनार. हॉलमध्ये टाकला की बाकी फर्निचर दिसतच नाही.

टू ग्रे हिल्स न्यू मेक्सिकोतलं, चुस्का डोंगराच्या पूर्वेला. इथे लाल जवळपास नाहीच, मेंढीच्या लोकरीचा जो रंग तोच, पांढरी नि काळी लोकर एकत्र पिंजली की करडा, पांढरी नि तपकिरी पिंजली की बदामी. काळा तेवढा गडद दिसावा म्हणून कधी वरून रंगवतात. सूत मात्र भयंकर बारीक, भारीतल्या तुकड्यात इंचाला ८० च्या वर आडवे धागे, डेझी टॉगलची या नावाहो विणकर बाईंनी तर शंभराच्या पुढे नेलं! असला पीस पायाखाली घालवत नाही हो, भिंतीवरच लावायचा.

मला विचाराल तर टू ग्रे हिल्स, पण रोजच्या वापराला जाड विणीचा गनाडोच बरा. आणि कुठलाही घ्या, टोकं बघा, उभा धागा सलग असतो म्हणून सहसा झालर नसते.