ठामपणाचे इंग्रजी शब्द: तीन महिने वापरल्यावर

परवा वॉशिंग मशीनचे ३४९ पौंड खात्यात परत आले. पूर्ण. म्हणून आज लिहायला बसले. मशीनबद्दल लिहायचं नाही, ते गेलं. ज्या शब्दांच्या जोरावर पैसे परत मिळाले त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष वापरताना काय होतं तेवढंच सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये संडरलंडला राहतो. मशीन दुसऱ्या महिन्यात बंद पडलं, दुरुस्त झालं, आणि तीन आठवड्यांत ड्रममध्ये पुन्हा पाणी साचलं. इथला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो की एकदा केलेली दुरुस्ती फसली की वस्तू परत करता येते. सहा महिन्यांच्या आत परत केली तर वापरापोटी काही कापता येत नाही. दुकानाला मात्र पुन्हा दुरुस्तीच करायची होती. कायदा माझ्या बाजूने होता, पण तो फोनवर कोणत्या शब्दांत सांगायचा हे मला येत नव्हतं.

पहिल्यांदा वापरलं ‘आय ॲम पुटिंग माय फुट डाऊन’. माझ्या डोक्यात होतं आपलं ‘पाय रोवून उभं राहणं’. पलीकडे नुसती शांतता. दुसऱ्याच दिवशी ड्युटीला उशीर होत होता, तेव्हा मागे बसलेली मैत्रीण गाडी चालवणारीला म्हणाली, ‘पुट युअर फुट डाऊन!’ आणि गाडी सुसाट निघाली. ॲक्सिलरेटर दाबणं आणि ठाम राहणं, दोन्हींना एकच वाक्प्रचार! पुढे शेजारच्या आजींनी खरी अडचण सांगितली. हे आईबापांनी मुलांना बजावावं तसं आहे, ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानेच बोलावं. पाय रोवतो तो ज्याला ढकललं जातंय तो माणूस. दोन्ही पाय वेगळे.

‘स्टिक टू युअर गन्स’ मूळचं तोफखान्यातलं, मारा होत असताना तोफ न सोडणाऱ्यांचं. ते मैत्रिणीला सांगायला छान, समोरच्याला सांगितलं तर भांडण वाढतं. ‘नेलिंग युअर कलर्स टू द मास्ट’ मात्र आमच्या गावाला फार जवळचं आहे. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी कॅम्परडाउनच्या लढाईत डच तोफांनी ब्रिटिश नौदलाच्या ‘व्हेनरेबल’ जहाजाची डोलकाठी मोडली आणि ध्वज खाली आला. ध्वज उतरणं म्हणजे शरणागती. इथलाच खलाशी जॅक क्रॉफर्ड वर चढला आणि त्याने ध्वज खिळ्यांनी ठोकला. मोब्रे पार्कमध्ये १८९० सालचा त्याचा पुतळा आहे. फोन आपटून मी दोनदा तिथे जाऊन उभी राहिले. धीर आला, हे खरं.

आता मुख्य तक्रार: ‘आय ॲम अफ्रेड’. दर फोनला हेच. ‘आय ॲम अफ्रेड वुई कान्ट डू दॅट, पेट.’ आवाज मऊ, शेवटी लाडाचं ‘पेट’, आणि उत्तर मात्र भिंत. आजी म्हणाल्या, तूही हेच म्हण. मला ते जमेना. मशीन बिघडलेलं, दोष त्यांचा, पैसे माझे, आणि भीती मी का बोलून दाखवायची? आईला फोनवर सांगितलं तर तीही तेच म्हणाली, ‘अगं, आपल्याच पैशांसाठी घाबरायचं कशाला?’ महिनाभर मी हा शब्द टाळला. त्या महिन्यात लाँड्रेटवर, म्हणजे पैसे देऊन कपडे धुण्याच्या दुकानात, जे पैसे गेले ते आजही मला खुपतात.

मग एके दिवशी दमून म्हणून टाकलं, ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट ॲक्सेप्ट अनदर रिपेअर.’ आणि गप्प बसले. पूर्वी मी वाक्यामागून वाक्यं जोडायचे, मुलं, शाळेचे गणवेश, पावसाळी हवा, सगळं सांगायचे, आणि त्यातलं एखादं पकडून ते बोलणं वळवायचे. या वेळी पकडायला काही नव्हतं. पहिल्यांदाच ‘मॅनेजरशी बोलतो’ हे उत्तर आलं. तेव्हा माझं मत बदललं. त्या शब्दात भीती उरलेलीच नाही. आपण ‘माफ करा, पण’ म्हणतो तसा तो दाराचा उंबरठा आहे, त्याच्यापुढे ‘नाही’ उभं असतं. तरी मनाला तो अजून लागतो, हेही तितकंच खरं. माझ्या जिभेवर तो कधी सहज येणार नाही.

मॅनेजरनेही आठवडा घालवला. सहावा महिना जवळ येत होता, म्हणून पत्र लिहिलं. त्यात ना तोफा, ना ध्वज, ना ‘अफ्रेड’. कायद्यातलाच शब्द घेतला, ‘रिजेक्ट’. ‘आय ॲम रिजेक्टिंग द मशीन’, खाली दोन्ही बिघाडांच्या तारखा आणि खरेदीची पावती. आजींनी वाचून फक्त एक स्वल्पविराम बदलला. दुकानाने परतावा एकदा मान्य केला, की तेव्हापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. बाराव्या दिवशी आले.