लिचेसवर आठ महिने स्पर्धा घेतल्यावर: अरेना सोडली, स्विस धरली

आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या बुद्धिबळाच्या ग्रुपात चाळीसेक जण आहेत. कुणी शाळेत असताना बक्षिसं मिळवलेला, कुणी लॉकडाऊनमध्ये शिकलेला. घोडा कुठे अडकवायचा ते सगळ्यांना कळतं, पण एक प्यादं जास्त असलेला हत्तीचा शेवट जिंकताना सगळ्यांनाच घाम फुटतो. अशा मधल्या फळीसाठी दर महिन्याला एका रविवारी नऊ वाजता मी लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर स्पर्धा लावतो. साइट देणग्यांवर चालते, जाहिरात नाही, फी नाही. वर्गणीच नाही म्हटल्यावर हिशेबाची कटकटही नाही.

पहिले तीन महिने अरेना घेतली आणि ती चूक होती. अरेनात वेळ ठरलेला असतो, डाव संपला की लगेच पुढचा प्रतिस्पर्धी. जिंकलात तर २ गुण, बरोबरीला १, आणि लागोपाठ दोन जिंकलात की पुढचे गुण दुप्पट. म्हणजे भराभर खेळणारा वर आणि विचार करून खेळणारा खाली. त्यात ते 'बर्सर्क'चं बटण! दाबलं की आपला वेळ निम्मा होतो, चालीमागे मिळणारे जादा सेकंदही जातात. बदल्यात जिंकल्यास एक गुण जास्त. आमच्या एका काकांचं बोट चुकून त्यावर पडलं. डाव चालू असतानाच ग्रुपवर मेसेज आला, "अरे, माझी पाच मिनिटं कोणी खाल्ली?" ते बटण स्पर्धा लावतानाच बंद करता येतं, हे मला नंतर सापडलं. काकांना अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या महिन्यापासून स्विस. त्यासाठी आधी टीम बनवावी लागते. पाच फेऱ्या, १०+५, म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं आणि दर चालीमागे पाच सेकंद जादा. साधारण सारख्याच गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात, त्यामुळे पहिला डाव हरलेलाही पाचव्या फेरीपर्यंत रमतो. आणखी एक नियम मला फार आवडला: ३० चाली झाल्याशिवाय बरोबरी मान्य करता येत नाही. आठव्या चालीला हात मिळवून मिसळ खायला पळणारी एक जोडी त्यामुळे सरळ झाली.

त्रासही आहे. चाळीस चालींचा डाव दोघांनी पुरेपूर वेळ घेऊन खेळला तर जवळपास सत्तावीस मिनिटं जातात, आणि तो संपेपर्यंत बाकीचे बसून. एवढ्यात चहा दोनदा होतो.

खरी डोकेदुखी रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याची. नवीन खात्याला सुरुवातीलाच १५०० मिळतात, पुढे प्रश्नचिन्ह असतं, म्हणजे आकडा अजून पक्का नाही. पहिल्या फेरीच्या जोड्या रेटिंगवर लागतात, त्यामुळे परवाच खातं उघडलेला शिकाऊ आणि नवं खातं काढून आलेला मुरलेला गडी यादीत शेजारी-शेजारी. आता किमान वीस रेटेड, म्हणजे रेटिंगला धरले जाणारे, डाव आधी खेळलेले असण्याची अट टाकली आहे. नव्यांनी कुरकुर केली, पण खेळले.

नाव देऊन झोपून राहणाऱ्यांवर मात्र इलाज नाही. घड्याळ चालू राहतं, वेळ संपून तो हरतो आणि साइट त्याला पुढच्या फेऱ्यांतून काढते. पण समोरच्याचा रविवार तेवढा रिकामा जातो. म्हणून साडेआठला सगळ्यांना फोन लावायचं काम अजून माझ्याकडेच आहे.