एक धनी की सात?

सामुराईची चाकरी कशी असायची हे एकाच माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचंय, तर कोणाला निवडाल? माझ्यापुढे दोन नावं आहेत: तोरिई मोतोतादा आणि तोदो ताकातोरा. दोघंही शेवटी तोकुगावा इएयासूच्याच (पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश झालेल्या सरदाराच्या) पदरी, पण वाटा पार उलट्या.

मोतोतादा (जन्म १५३९) इएयासूच्या सेवेत आला तेव्हा दोघंही पोरसवदा होते आणि इएयासू इमागावा या बलाढ्य सरदार घराण्याकडे ओलीस होता. तेव्हापासून मरेपर्यंत धनी तोच. एका वेढ्यात पायाला जखम झाली ती कायमची लंगडवून गेली. १६०० साली क्योतोजवळच्या फुशिमी किल्ल्यात सुमारे १,८०० माणसांनिशी तो राहिला. बाहेर इएयासूच्या विरोधकांची चाळीस हजारांच्या आसपास फौज. सुटका नाही हे ठाऊक असूनही दहा दिवसांहून जास्त झुंजला आणि तिथेच पडला. त्या किल्ल्याच्या रक्ताळलेल्या फळ्या क्योतोच्या योगेन-इनसारख्या मंदिरांत छताला बसवल्याचं सांगतात. मान वर केली की काळपट डाग दिसतात.

ताकातोरा (जन्म १५५६) अझाई या सरदार घराण्याकडे साधा पायदळी. मग धनी बदलत राहिला. मोजाल तसे सात, नाहीतर दहा. मधल्या फाक्याच्या दिवसांत फुकट मोची (तांदळाचे पांढरे गोळे) खाल्ली, दुकानदाराने माफ केलं, म्हणून निशाणावर तीन पांढरे गोळे आले, अशी कथा आहे. खरी असो-नसो, पोटाची गोष्ट सांगणारं निशाण मला आवडतं.

त्याला संधिसाधू म्हणून हिणवतात. पण १५७६ मध्ये हिदेयोशीचा (पुढे जपान एकत्र करणाऱ्या सेनानीचा) भाऊ हिदेनागा याने त्याला ३०० कोकूंवर ठेवलं (एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाचा वर्षाचा तांदूळ), आणि १५९१ मध्ये हिदेनागा मरेपर्यंत तो हलला नाही. कदर झाली, तर राहिला. शिवाय हातात भाल्याइतकंच मोलाचं कसब होतं, किल्लेबांधणीचं. उवाजिमा, इमाबारी त्याचेच. एदो (आजचं टोकियो) किल्ल्याच्या आखणीतही त्याचा हात. शेवटी ३,२३,००० कोकू.

आता खरी गोम. लढाईत पराक्रम केला की धनी लेखी प्रशस्तिपत्र द्यायचा, कांजो. मोतोतादाने ते नाकारलं म्हणतात: दुसऱ्या धन्याकडे जायचं असेल त्याला हा कागद लागतो, मला काय करायचाय? म्हणजे त्या कागदाला बाजारात किंमत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

म्हणून माझं मत: आधी ताकातोरा वाचा. त्या युद्धकाळात नोकरी कशी चालायची ते त्याच्याकडे कळतं. मोतोतादा नंतर, त्याने काय नाकारलं हे तेव्हाच उमगेल. तुम्हाला फक्त शेवटची झुंजच हवी असेल तर मात्र थेट फुशिमी गाठा.

घराण्यांचं म्हणाल, तर मोतोतादाच्या मुलाला बापाच्या बलिदानापोटी १,००,००० कोकू मिळाले, पण १६३६ मध्ये नातू निपुत्रिक वारला आणि मुलूख जप्त झाला. आजोबांच्या पुण्याईवर नातवाच्या भावाला ३०,००० कोकू दिले, एवढंच. तोदो घराणं त्सू इथे १८७१ पर्यंत होतं.