होमोब्रासिनोलाइड ०.०४ टक्के: मिरचीवर मारून बघितलं

कडोली साईडला आमची अर्धा एकर मिरची हाय, तिथं यंदा ही बाटली मारली. दुकानदार म्हणतोय खत हाय ओ, मारा बिनधास्त, पण हे खत न्हवं की, झाडात आपसूक तयार होणाऱ्या ब्रासिनोस्टेरॉइड हार्मोनच्या घरातलंच हाय, पेशी लांबवतंय, वाढवतंय, वर ऊन आणि पाण्याचा ताण सोसायला झाडाला मदत करतंय. ह्यातलं पहिलं, ब्रासिनोलाइड, १९७९ ला उघडकीला आलं, मोहरीच्या भावकीतल्या रेपचे मधमाश्यांनी गोळा केलेले २२७ किलो पराग घेतले तवा जेमतेम ४ मिलीग्रॅम हाताला लागलं! म्हणून तर डोस एवढुसा.

फुटवा चांगला आला, फुलगळ पण कमी वाटली, आता त्यात पावसाचा वाटा किती ते देव जाणे, ताडून बघायला मिरचीच्या चार ओळी न मारता सोडायला पायजे हुत्या, इसरलो. पण चुरड्यावर, म्हंजे फुलकिड्यांनी रस शोषून पानं आकसतात त्यावर, चालतंय म्हणून कोण सांगितलं तर ऐकू नका, फुलकिडे ह्यानं मरत नाहीत. ह्या हार्मोननं रोगाशी लढायची ताकद काही वेळा वाढते, काही वेळा वाढीच्या नादात उलट कमी पण पडते, म्हणून जास्तीचं झाकण वतू नका.

पाचातले साडेतीन. अर्धा स्टार झाकणासाठी कापला, पिशवीत सगळं गळलं बघा.