फ्लॅन ओ'ब्रायन वाचायला घेताना: कादंबरी आधी की सदर?

आयरिश पत्रकार आणि कादंबरीकार ब्रायन ओ'नोलन (१९११–१९६६) यांचे एखादे पुस्तक मागवू पाहणाऱ्या वाचकाची पहिली अडचण नावांची असते. कादंबऱ्यांवर बहुधा फ्लॅन ओ'ब्रायन हे नाव आढळते, 'द आयरिश टाइम्स' या डब्लिनच्या दैनिकातील सदरावर माइल्स ना गॉपलीन हे. आणि खऱ्या नावाने हे गृहस्थ १९३५ पासून १९५३ पर्यंत आयर्लंड सरकारच्या स्थानिक प्रशासन खात्यात नोकरी करत होते. टोपणनावे घेण्यामागे खोडसाळपणा होता तसाच व्यवहारही होता. सरकारी नोकराने वर्तमानपत्रातून राजकीय मते मांडणे नियमात बसत नव्हते आणि १९३७ साली वडील वारल्यावर धाकट्या भावंडांचा भार त्यांच्याच पगारावर आला होता.

नव्या वाचकापुढची खरी निवड माझ्या मते दोन पुस्तकांमधली आहे: 'द थर्ड पोलिसमन' ही कादंबरी आणि 'द बेस्ट ऑफ माइल्स' हा सदरातील निवडक मजकुराचा संग्रह. दोन्हींची वाट एकाच वर्षी फुटते. १९४० साली लाँगमन्स या प्रकाशन संस्थेने ही कादंबरी नाकारली. तेव्हा ओ'नोलन यांनी हस्तलिखित हरवल्याच्या कहाण्या मित्रांना रंगवून सांगितल्या आणि ते घरातच ठेवून दिले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, संपादक आर. एम. स्मायली यांच्या पुढाकाराने, 'क्रुशकीन लॉन' हे सदर सुरू झाले आणि अधूनमधून खंड पडत लेखकाच्या अखेरच्या वर्षापर्यंत चालले. कादंबरी छापली गेली ती १९६७ मध्ये, लेखकाच्या पश्चात. आणि धाकटे बंधू केव्हिन ओ'नोलन यांनी संपादित केलेला संग्रह आला १९६८ मध्ये. वर्तमानपत्राने एक मोठा कादंबरीकार गिळला, असा निष्कर्ष यावरून वारंवार काढला जातो. मला तो अर्धाच पटतो, कारण सदराच्या पहिल्या दशकातल्या कित्येक कल्पना कोणत्याही कादंबरीत शोभल्या असत्या.

सदरातल्या, पुस्तके 'हाताळून' देणाऱ्या काल्पनिक सेवेचेच उदाहरण घ्यावे. श्रीमंतांच्या घरी कपाटभर कोरी पुस्तके असतात आणि ती वाचलेली दिसत नाहीत, म्हणून ही सेवा पैसे घेऊन पानांचे कोपरे दुमडून देते, लाल पेन्सिलीने अधोरेखन करते, खूण म्हणून विसरल्यासारखी नाटकाची पत्रके आत ठेवते, आणि सर्वांत महागड्या दराला समासात विद्वत्तापूर्ण शेरे मारून खुद्द लेखकाची खोटी अर्पणाक्षरेही घालून देते. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या कोरड्या भाषेत हे लिहिलेले असल्यामुळे विनोद अधिकच चढतो, आणि ती भाषा या माणसाने कचेरीत बसून रोज लिहिली होती. मात्र संग्रहातला सगळाच मजकूर इतका मोकळेपणाने हाती लागत नाही. कवी कीट्स आणि होमरचा भाषांतरकार चॅपमन यांच्या गोष्टी अखेरीस एखाद्या इंग्रजी वाक्प्रचाराच्या कोटीवर येऊन आदळतात. तो वाक्प्रचार आधीच कानात नसेल तर गोष्ट फुकट जाते. बसथांब्यावर भेटून आपल्या सर्वज्ञ 'भावा'ची महती सांगणाऱ्या माणसाचे लेख डब्लिनच्या बोलीवर उभे आहेत, तर इतर काहींना त्या काळातील स्थानिक वादांचा संदर्भ लागतो.

'द थर्ड पोलिसमन'ला असा कोणताही पूर्वाभ्यास लागत नाही. निवेदक पहिल्याच वाक्यात आपण केलेला खून सांगून टाकतो, स्वतःचे नाव मात्र त्याला पुढे आठवत नाही. लुटीची पेटी शोधत तो एका विचित्र पोलीस चौकीत पोहोचतो, जिथे दुनियेतील झाडून सगळ्या भानगडी सायकलींशी जोडलेल्या असतात. सार्जंट प्लक याचा सिद्धान्त असा की खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षे सायकल चालवल्याने माणसाचे आणि सायकलीचे अणू परस्परांत मिसळतात, आणि म्हणून गावचा पोस्टमन आता ७१ टक्के सायकल झाला आहे. खाली तळटीपांमध्ये द सेल्बी नावाचा काल्पनिक तत्त्वज्ञ आणि त्याचे एकमेकांवर तुटून पडणारे भाष्यकार समांतर धुमाकूळ घालतात. काही ठिकाणी तळटीप मूळ मजकुराला पानाबाहेर ढकलते की काय असे वाटते. या हास्याखाली भीती सतत सरकत असते. सदरात ती सहसा नाही, आणि माझा कौल मुख्यतः त्यामुळेच कादंबरीकडे झुकतो. या पुस्तकाच्या आवृत्तीला प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाचावी, कारण समीक्षकांना शेवट फोडल्याशिवाय या कादंबरीबद्दल फारसे बोलता येत नाही.

वेळेचा हिशेब केला तर कादंबरी सलग तीन-चार बैठकांची आहे, कारण मध्ये मोठा खंड पडला की चौकीतल्या तर्कशास्त्राचा धागा सुटतो. संग्रह जाडजूड असला तरी रोज चार-पाच पानांहून अधिक घेऊ नये. मूळ वाचकालाही हा मजकूर दैनिकातून तुकड्यातुकड्यानेच मिळत होता, आणि सलग वाचला तर त्यातल्या क्लृप्त्या उघड्या पडतात.

ज्यांना भाषेच्या चळवळीत रस आहे, त्यांनी मात्र वरील दोन्ही बाजूला ठेवून 'अन बेअल बॉख्त' (१९४१) हे छोटे पुस्तक आधी घ्यायला हरकत नाही. ओ'नोलन यांच्या घरात आयरिश बोलली जाई, आणि हे पुस्तक त्यांनी त्याच भाषेत लिहिले. पश्चिमेकडच्या आयरिशभाषक खेड्यांतील दारिद्र्याच्या आत्मकथनांचे, विशेषतः त्या आत्मकथनांची पूजा मांडणाऱ्या शहरी भाषाप्रेमींचे, ते विडंबन आहे. डब्लिनहून आलेला एक संशोधक अंधारात डुकराचे गुरगुरणे ध्वनिमुद्रित करतो आणि ते इतके दुर्बोध आहे म्हणजे अस्सल आयरिशच असणार, असे मानून त्यावर बर्लिनमध्ये पदवी मिळवतो. उत्सवात वक्ता भाषेच्या शुद्धतेवर लांबलचक भाषण ठोकतो तेव्हा गावकरी भुकेने कोसळत असतात. पॅट्रिक पॉवर यांचे इंग्रजी भाषांतर १९७३ मध्ये आले. आयरिश न येणाऱ्याला त्यावरच अवलंबून राहावे लागते आणि मूळ शैलीची नक्कल त्यात थोडी बोथट होते, तरी उपहासाची धार शाबूत राहते.

'ॲट स्विम-टू-बर्ड्स' (१९३९) हे त्यांचे सर्वांत नावाजलेले पुस्तक. ग्रॅहम ग्रीन यांनी प्रकाशकाकडे त्याची शिफारस केली होती आणि जेम्स जॉइस यांनीही त्याचे कौतुक केले. पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या अवघ्या २४४ प्रती खपल्या आणि पुढे महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात लंडनच्या गोदामातील उरलेला साठा जळाला. एक आळशी विद्यार्थी कादंबरी लिहितो, तिच्यातला लेखकही कादंबरी लिहितो आणि त्याची पात्रे तो झोपला की त्याच्याविरुद्ध उठतात. पुस्तक अफाट आहे, पण आयरिश दंतकथांतला वीर फिन मॅक कूल आणि वेडा राजा स्वीनी यांच्या मध्ययुगीन कथांची तोंडओळख नसेल तर निम्मी गंमत निसटते. सर्वोत्तम म्हणून याच पुस्तकापासून सुरुवात करणारे पुष्कळ वाचक पन्नासाव्या पानाच्या आसपास थांबतात, असा माझा संशय आहे.

राहिलेल्या दोन कादंबऱ्यांपैकी 'द हार्ड लाइफ' (१९६१) सहज टाळण्याजोगी आहे. 'द डॉकी आर्काइव्ह' (१९६४) मध्ये त्या नाकारल्या गेलेल्या हस्तलिखितातलीच सामग्री, द सेल्बीसकट, पुन्हा वापरलेली आहे. त्यामुळे ती 'द थर्ड पोलिसमन'च्या आधी वाचणे नुकसानीचे ठरते. पाचही कादंबऱ्या एकत्र हव्या असतील तर एव्हरीमन्स लायब्ररीने २००७ साली काढलेला एकखंडी ग्रंथ सोयीचा आहे, परंतु त्यात सदरलेखन नाही. 'द बेस्ट ऑफ माइल्स' वेगळे घ्यावे लागेल.