परीस हवाय? मग हिशोब द्या: ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’

पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, स्फुरद ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरिन साडेसात ग्रॅम, लोखंड ५ ग्रॅम, सिलिकॉन ३ ग्रॅम आणि चिमूटभर आणखी १५ मूलद्रव्यं. वाण्याच्या दुकानात नेता येईल अशी ही यादी म्हणजे एक प्रौढ माणूस. या जपानी ॲनिमेशन (ॲनिमे) मालिकेचा नायक एडवर्ड एल्रिक ती धडाधडा म्हणून दाखवतो आणि वर सांगतो, हे सगळं सामान लहान पोराच्या खाऊच्या पैशात येतं. त्याने आणि धाकट्या अल्फॉन्सने ते आणलंही होतं, मेलेल्या आईला परत आणण्यासाठी. प्रयोग फसला. एडवर्डचा डावा पाय गेला, अल्फॉन्सचं अख्खं शरीर गेलं. मग उजवा हात देऊन एडवर्डने भावाचा आत्मा एका चिलखताला बांधून घेतला. मालिकेचे ६४ भाग या एका व्यवहाराची थकबाकी फेडण्यात जातात.

जादू आणि विज्ञान एकत्र आणणाऱ्या ॲनिमे मालिका ढिगाने आहेत. बहुतेकींत विज्ञान शोभेपुरतं असतं: जादूच्या छडीला दोन बटणं लावली, झालं विज्ञान. इथे तसं नाही. इथली जादू म्हणजे किमया, आणि तिच्यावर एकच कडक नियम आहे: जेवढं मिळवायचं, तेवढंच मोल द्यायचं. जपानीत ‘तोका कोकान’, आपल्याकडे म्हणू या सममूल्य विनिमय. वस्तुमान अक्षय्यतेचा जो नियम लव्हाझिएच्या नावाने शाळेत शिकवतात, त्याचाच हा चुलतभाऊ. फरक एवढाच की इथे तो नियम माणसांच्या हावेलाही लागू होतो. या मालिकेची खरी गंमत म्हणजे तिची जादू जमाखर्च ठेवते. हिशोब चोख बसतो तिथे ती अफाट रंगते. तो गडबडतो तिथे शिवण उसवलेली दिसते.

आधी हिशोब कसा चालतो ते पाहू. किमयेच्या तीन पायऱ्या: पदार्थ समजून घेणं, त्याचं विघटन करणं, त्याची पुनर्रचना करणं. साधन म्हणजे खडूने काढलेलं वर्तुळ. वर्तुळ ऊर्जेचा प्रवाह फिरवतं, आतल्या खुणा ठरवतात काय करायचं. तिसऱ्या भागात लिओर गावात अल्फॉन्स मोडका रेडिओ वर्तुळात ठेवून दुरुस्त करतो. रेडिओचे सगळे तुकडे तिथेच आहेत, म्हणून ते जमतं. त्याच गावातला धर्मगुरू मात्र शून्यातून फुलं आणि मूर्ती काढून दाखवतो. लोक हात जोडतात. एल्रिक बंधूंच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो वस्तुमानाचा: आत गेलं त्यापेक्षा बाहेर जास्त कसं आलं? चमत्कार पकडला जातो तो वजनकाट्यावर. बुवाबाजीची पोल वहीतल्या बेरजेने उघडणारा नायक आपल्या प्रेक्षकाला परका वाटायचं कारण नाही.

तीन पायऱ्यांचा सगळ्यात हुशार वापर स्कार या पात्रात आहे. त्याचा उजवा हात दुसऱ्या पायरीवर थांबतो: विघटन करायचं आणि सोडून द्यायचं. बाकी काही नाही. त्याला वेगळी ‘शक्ती’ बहाल करावी लागलेली नाही. आहे तोच नियम अर्ध्यावर तोडला आणि मालिकेतला सगळ्यात भीतीदायक मारेकरी तयार झाला. लेखनातली ही काटकसर पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

ग्रीड या खलनायकाचं शरीर हवं तेव्हा काळं पडून अभेद्य होतं. १३व्या भागात एडवर्ड हाणामारीच्या मधेच ओळखतो की हा चमत्कार नसून अंगातल्या कार्बनची मांडणी आहे. हिराही कार्बन, पेन्सिलीचं शिसही कार्बन; फरक अणू कसे जोडलेत त्याचा. मग तो कवच फोडत बसत नाही, आधी मांडणी बिघडवतो आणि मग ठोसा मारतो. अकरावीच्या रसायनशास्त्रातलं अपरूपांचं प्रकरण मारामारीच्या प्रसंगात इतकं नेमकं बसलेलं सहसा दिसत नाही.

उत्तरेतल्या ब्रिग्ज किल्ल्याचे भाग (३४ पासून पुढे) तर कारखान्यातल्या माणसाने लिहिल्यासारखे आहेत. एडवर्डचे ‘ऑटोमेल’ म्हणजे पोलादी कृत्रिम हात-पाय. कडाक्याच्या थंडीत ते मांसाला चिकटून हिमदाह होऊ शकतो, म्हणून तिथे ड्युरल्युमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) आणि कार्बन तंतूंचे वेगळे अवयव लागतात. ते हलके असतात. बदल्यात पोलादाची ताकद सोडावी लागते. पुन्हा विनिमय. किल्ल्यात घुसलेल्या अवाढव्य स्लॉथवर तोफगोळ्यांचा परिणाम होत नाही, तेव्हा सेनानी ऑलिव्हिये आर्मस्ट्राँग त्याच्यावर रणगाड्याचं इंधन ओतवते आणि त्याला बाहेर हिमवादळात ढकलते. थंड प्रदेशासाठी बनवलेलं ते इंधन लवकर उडतं, उडताना अंगातली उष्णता ओढून नेतं आणि राक्षस जागच्या जागी गोठतो. हातावर स्पिरिट ओतल्यावर गार का वाटतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रसंग कळतो. यात किमया अजिबात नाही, हे विशेष.

ऑटोमेलकडे मालिका गंभीरपणे पाहते. ते बसवल्यानंतर सावरायला साधारण तीन वर्षं लागतात; एडवर्ड एका वर्षात उभं राहण्याचा हट्ट धरतो. ऑटोमेलला तेलपाणी लागतं, देखभाल लागते, आणि मेकॅनिक विन्री एकदा एक स्क्रू बसवायला विसरते तेव्हा ऐन लढाईत तो हात लुळा पडतो. एका स्क्रूवर कथा वळवणं हे लेखकाचा आपल्या यंत्रावर विश्वास असल्याचं लक्षण.

आता हिशोब कुठे चुकतो. सुरुवातीची यादीच तपासू. दीड किलो चुन्यातून सुमारे एक किलो कॅल्शियम मिळतं, शरीरातल्या प्रमाणाशी अगदी जुळणारं. लोखंडही ठीक. पण एकूण वजन साठ किलोच्या आसपास भरतं आणि त्यात २० किलो कार्बन म्हणजे जवळजवळ दुप्पट. खऱ्या शरीरात तो १८ टक्क्यांच्या आसपास असतो. गंधक उलट निम्मंच. आईला परत आणण्याचा प्रयोग का फसला याचं मालिकेचं उत्तर वेगळं आणि खोल आहे, पण वाणसामानातही गफलत होती, हे खरं!

लष्करातला किमयागार रॉय मस्टँगचं काय? तो ठिणगी पाडणाऱ्या कापडाचे हातमोजे घालतो, चुटकी वाजवतो आणि हवेतला ऑक्सिजन वाढवून समोरच्याला भाजून काढतो. मोजे भिजले की ठिणगी नाही, म्हणून पावसात साहेब निरुपयोगी. पाचव्या भागात त्यांची सहकारी हॉकआय हे त्यांना फार सभ्य नसलेल्या शब्दांत ऐकवते. मर्यादा सुंदर आहे, रसायन लंगडं: ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जाळायला मदत करतो. मोकळ्या हवेत आगीचा लोळ उठायला इंधन लागतं आणि ते कुठून येतं हे बहुतेक वेळा प्रेक्षकाने समजून घ्यायचं. १९व्या भागात मात्र ही फट बुजते. खोलीत पाणी साचलेलं, मोजे भिजलेले, आणि तो पाण्यातूनच हायड्रोजन काढतो. मग साधा सिगारेटचा लायटर पुरतो. या मालिकेची ताकद एकाच भागात दाखवायची असेल तर हाच दाखवावा. पण नवख्याला इथून सुरू करू देऊ नका, पुढचं मागचं सगळं फुटेल.

सगळ्यात मोठी फट सोन्याची. सरकारी किमयागारांना तीन बंधनं: माणूस घडवायचा नाही, सोनं घडवायचं नाही, लष्कराचा शब्द मोडायचा नाही. म्हणजे सोनं बनवता येतं, फक्त परवानगी नाही. पण एका मूलद्रव्याचं दुसरं करायचं तर अणूचं केंद्रक बदलावं लागतं. ते रेडिओ जोडण्याच्या जातीचं काम नव्हे. मालिका दोन्ही एकाच तराजूत टाकते. शिवाय वस्तुमान जुळलं तरी ऊर्जा कुठून येते? याचं उत्तर आहे, भूगर्भाशी जोडलेलं आहे आणि शेवटाकडे ते कथानकाचा कणाच बनतं. म्हणून इथे एवढंच: हा प्रश्न पडत असेल तर तो बरोबर पडतोय.

जुन्या किमयेचा अभ्यासही वरवरचा नाही. भावांच्या गुरूच्या अंगावरचं, क्रूसाला वेटोळं घातलेल्या सापाचं चिन्ह किमयागार म्हणून गाजलेल्या निकोला फ्लामेलच्या नावाशी जोडलेल्या परंपरेतून आलंय. वडिलांचं नाव होहेनहाइम, आणि सोळाव्या शतकातला वैद्य-किमयागार पॅरासेल्सस मूळचा फॉन होहेनहाइमच. कुपीत माणूस वाढवण्याची कृतीही त्याच्याच नावावर सांगितली जाते. मालिकेतला ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ म्हणजे आपला परीस. फक्त आपल्या अभंगांतला परीस लोखंडाकडून काहीच मागत नाही, तर इथला परीस कशापासून बनतो हे कळल्यावर (सातवा भाग) भूक मरते. पूर्वेच्या शिंग देशाची विद्या वेगळी: ती रोग बरे करण्याकडे झुकते, आणि छोटी मे चँग पाच सुऱ्या फेकून दूरवर वर्तुळ उमटवते. रसशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या किमयेत, पारा औषधासाठीही मारायचा (भस्म करायचा) आणि सोन्यासाठीही, ही आपल्याकडची जुनी ओढाताण ज्यांना माहीत आहे, त्यांना या दोन विद्यांमधलं अंतर चटकन जाणवेल.

मालिकेची उणी बाजू रसायनाबाहेरही आहे. याच नावाच्या दोन मालिका आहेत आणि इथेच नवख्यांची पहिली चूक होते. हिरोमु अराकावा या होक्काइदोच्या दुग्धव्यावसायिक घरातल्या लेखिकेची मांगा (जपानी चित्रकथा) २००१ मध्ये मासिकातून सुरू झाली. ‘बोन्स’ स्टुडिओने २००३ मध्ये ५१ भागांची मालिका केली तेव्हा मूळ कथा अर्धीही झाली नव्हती, म्हणून तिने उत्तरार्ध स्वतःचा रचला. ‘ब्रदरहुड’ ही त्याच स्टुडिओची दुसरी मांडणी, दिग्दर्शक यासुहिरो इरिए, ५ एप्रिल २००९ ते ४ जुलै २०१०, आणि ती मूळ मांगाला धरून चालते. पण पूर्वार्ध प्रेक्षकांनी आधी पाहिलाय असं गृहीत धरून ती पहिले तेरा-चौदा भाग अक्षरशः पळवते. चौथ्या भागातली लहानग्या नीनाची गोष्ट २००३ मध्ये हळूहळू मुरते आणि म्हणून जास्त जिव्हारी लागते. इथे ओळख होते न होते तोच घाव. दहाव्या भागाचंही तेच. पहिला भाग तर मांगात नाहीच: गोठवणारा किमयागार, सगळी पात्रं एकदम, नावांचा भडिमार. काही पुढचे धागे त्यात पेरलेत, पण गोंधळ उडाला तर घाबरू नका. खरी सुरुवात दुसऱ्या भागात आहे.

विनोदाचा सूरही सगळ्यांना झेपणार नाही. गंभीर प्रसंगाच्या मध्येच चेहरे गोळ्यासारखे होतात, एडवर्डला कुणी बुटका म्हटलं की तीच आदळआपट. दहाव्यांदा हसू येत नाही. २७वा भाग म्हणजे जवळजवळ सगळी उजळणी. सलग पाहत असाल तर खुशाल गाळा. ३०व्या भागातला इश्वालचा नरसंहार मात्र गाळू नका. विज्ञान सरकारी नोकरीत शिरलं की काय करतं, हे त्यात भाषणबाजी न करता दाखवलंय, आणि त्यानंतर मस्टँगची चुटकी पहिल्यासारखी गमतीची वाटत नाही.

पाहायचं कसं? ६४ भाग, प्रत्येकी सुमारे २४ मिनिटं, म्हणजे साडेपंचवीस तासांचा ऐवज. सुरुवातीची आणि शेवटची गीतं गाळली तर तीन तास वाचतात, पण ती टप्प्याटप्प्याने बदलतात आणि प्रत्येक टप्प्याचा रंग सांगतात. निदान पहिल्यांदा तरी पाहा. जपानी आवाजात रोमी पार्क (एडवर्ड) आणि रिए कुगिमिया (अल्फॉन्स) ऐकण्यासारख्या आहेत. रिकाम्या चिलखतातून येणारा अल्फॉन्सचा पोरगेला आवाज हा निम्मा परिणाम. सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर इंग्रजी डबिंगही चांगलं आहे. रोज दोन भाग ठेवले तर महिन्याभरात संपते. १४ भागांपर्यंत धीर धरा. तिथेही पकड बसली नाही तर सोडून द्या, पुढे स्वभाव बदलत नाही, फक्त आवाका वाढतो. वेळ भरपूर असेल तर २००३ चे पहिले २५ भाग पाहून मग इकडे दुसऱ्या भागापासून या, घाईची तक्रार बरीच मिटते. घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांसमोर चित्रं रंगीत आहेत म्हणून लावू नका. रक्त आहे, लहान मुलांवरचे आघात आहेत; तेरा-चौदाच्या पुढे ठीक, तेही चौथा भाग सोबत बसून.

आणि एक. पाहून होईपर्यंत कुठल्याही पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका. अर्धं नाव टाइप केलं की शोधपट्टीच पुढे सुचवते, तो कोणत्या भागात मरतो.